ठिपकेवाल्या पेशी

१८ जानेवारी

चिमट्या,

आशीर्वाद, खुशाली वगैरे शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी कामाचं.

तू मला दिलेल्या किडनीबद्दल तुझी परवानगी हवी आहे.

हस हवं तर. पण "माझी किडनी, माझी किडनी" करत तू इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस, त्यावरून ती वस्तू अजून तुझ्याच नावावर आहे असं मी धरून चालले आहे. मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या कुलपाला हात लावायचा नाही, हे बाबांनी आपल्या दोघांनाही एकाच बाकावर बसवून शिकवलं. म्हणून विचारते. नाहीतर तुला पत्र लिहायची मला काही हौस नव्हती.

किडनी ठणठणीत आहे. तपासणीचे आकडे बघून डॉक्टर मान डोलावतात. दुखणं आहे ते हाताचं. किडनीला शरीराने परकी म्हणून हाकलू नये यासाठी सकाळ-संध्याकाळ ज्या गोळ्या घेते, त्यांनी हात थरथरतात. थोडं पहिल्यापासूनच होतं, तू पाहिलं आहेस. तू दुकान सोडून गेल्यावर वाढलं. (तू गेल्यामुळे नव्हे, गोळ्यांमुळे. उगाच फुशारू नकोस.) मशीनवर किल्ली कापते, कानस चालवते, तेवढं जमतं. पण बंद कुलपात तार घालून आतल्या पिना एकेक करून जाणवून घ्यायच्या, ते आता होत नाही. तार हलते ती पिनेमुळे की माझ्यामुळे, हेच कळत नाही.

गेल्या आठवड्यात एका पियानो शिकवणाऱ्या बाईंचं दार उघडायला गेले. बाई बाहेर, किल्ली आत, ओट्यावर दूध उकळतंय. अर्धा तास झटले आणि शेवटी कुलूप फोडलं. होय, फोडलं. मी. बाबा असते तर दोन दिवस माझ्याशी बोलले नसते. बाईंनी उलट आभार मानले, ते जास्तच लागलं. घरी येऊन पिशवी कोपऱ्यात टाकली आणि आईला म्हटलं, "दुकान विकू या." आईने पिशवी उचलून खुंटीला लावली.

तर आता काम. माझ्या इस्पितळात एक नवा प्रयोग चालू आहे. ज्यांच्या शरीरात दुसऱ्याची किडनी बरीच वर्षं शांत बसली आहे, अशा थोड्या लोकांना हळूहळू गोळ्यांवरून उतरवायचं आणि त्या काळात एक इंजेक्शन द्यायचं. जमलं तर गोळ्या सुटतील, हात थांबतील. नाही जमलं तर शरीर तुझ्या किडनीवर उठेल. वेळेत आवरलं तर ठीक. नाही आवरलं तर ती गेली, आणि मी परत डायलिसिसच्या त्या मशीनला जोडलेली, दिवसाआड.

म्हणजे डाव तुझ्या वस्तूवर लावायचा आहे. हो की नाही, एवढं कळव.

ताई

९ फेब्रुवारी

चिमट्या,

पत्र पोचलं हे आईच्या रविवारच्या फोनवरून कळलं. उत्तर द्यायला हात दुखतात वाटतं. माझे थरथरतात, तरी लिहिते आहे.

तुमचा फोन चालू असतो तेव्हा मी आतल्या खोलीत असते. ऐकत नाही. दार उघडं असतं, तो माझा दोष नाही. फोन ठेवला की आई येऊन सांगते, "तो विचारत होता, ताई पाणी पिते का." मी म्हणते, "त्याला काय करायचंय?" पुढच्या रविवारी ती तुला नेमकं काय सांगते कोण जाणे. हे तरी नक्कीच सांगत नसणार.

तुला वाटत असेल ताईला भरीला घातलं कुणीतरी. तसं नाही. प्रयोग बघणारी डॉक्टर तरुण आहे, आम्ही तिला लहान डॉक्टर म्हणतो. तिने तीन वेळा बसवून सगळे धोके सांगितले, इतके की आई म्हणाली, "अगं बाई, मग करता कशाला?" तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "कारण काही लोकांमध्ये शरीर आपोआपच शहाणं होतं. गोळ्या सुटतात आणि किडनी राहते. ते कसं होतं, ते आम्हाला शिकायचंय." रक्त तपासून तिला वाटतं, माझं शरीर त्या वाटेवर असावं. वाटतं म्हणाली. खात्री म्हणाली नाही. तिचं हेच मला आवडलं.

आपल्या भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तूच सांग, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना माझ्या हातातून खारे दाणे हिसकावून "माझ्या किडनीला मीठ चारू नकोस" असं कुणी म्हणतं का? गोळ्यांसाठी तू लावलेलं ते गजराचं घड्याळ, माझ्या स्टुलाखाली ठेवलेली पाण्याची बाटली, तिच्यावर पेनाने मारलेल्या खुणा, सगळं मी सोसलं. त्या दिवशी तोंडातून गेलं, "एवढी तुझी आहे तर घेऊन जा परत." तू कानस खाली ठेवलीस, हत्यारांची पिशवी उचललीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास. मी अजूनही म्हणते, चूक तुझी होती. निम्मी तरी.

बाकी इकडे ठीक. दुकानाचं कुलूप अजून तेच आहे. बाबांचा नियम, दर वर्षी एकदा दुकानाचं कुलूप बदलायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला नवा माल दिसतो आणि चोराला जुनी सवय लागत नाही. शेजारचा चष्मेवाला रोज चिडवतो, "कुलपांचं दुकान आणि दाराला हे म्हातारं!" वेळच होत नाही, काय करू.

हो की नाही?

ताई

२ मार्च

चिमट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "ती आता तुझी आहे. मला विचारू नकोस."

मला संताप आला. का आला ते आधी कळेना. इतकी वर्षं मला तुझ्या तोंडून हेच ऐकायचं होतं. ती माझी आहे, मी खारे दाणे खाईन नाहीतर दगड खाईन. आणि आता लिहून दिलंस तर वाटलं, याने हात झटकले. बरं, ठीक आहे. मीही सही करून आले.

आज पहिलं इंजेक्शन झालं. मला वाटलं होतं, काहीतरी रंगीत असेल, निदान दुधी तरी. साधं पाणी दिसतं रे. सुईच्या नळीत तळाशी एवढंसं. मी म्हटलं, "बस? एवढंच?" तर लहान डॉक्टर म्हणाली, "ताई, या सगळ्याची गंमतच 'एवढंच' मध्ये आहे."

मग तिने जे सांगितलं, ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. तुझ्याखेरीज ते कळणारं दुसरं कोण आहे मला?

शरीरात परकं काही आलं की त्याच्यावर धावून जाणाऱ्या पेशी असतात, हे आपल्याला तुझ्या ऑपरेशनच्या वेळी सांगितलं होतं. गोळ्या त्या सगळ्यांना गुंगीत ठेवतात, म्हणून किडनी वाचते, आणि म्हणूनच मला सतत खोकला, त्वचेवर मस, हे चालू असतं. पण त्या पेशींमध्ये थोड्या वेगळ्याही असतात. त्यांचं काम कुणावर धावून जायचं नाही. धावून जाणाऱ्यांना थोपवायचं. "राहू दे, सोड, तो आपल्यात बसलाय," असं सांगत फिरायचं. शरीरातच असतात, जन्मापासून. मला माहीतच नव्हतं! मी समजत होते, शरीराला फक्त हाकलताच येतं.

आता या सगळ्या पेशी एकमेकींशी बोलतात कशा? तोंड नाही, कान नाही. त्या बारीक बारीक कण सोडतात, ते कण म्हणजे निरोप. समोरच्या पेशीच्या अंगावर त्या निरोपासाठी जागा असते, आणि कण तिथे नेमका बसला तरच आत काहीतरी घडतं. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, हे आमच्याच धंद्यातलं झालं." ती म्हणाली, "म्हणून तर तुम्हाला सांगायला मजा येते."

इंजेक्शनात असा एक निरोप आहे. नाव इंटरल्यूकिन-दोन. आई त्याला लुकलुक म्हणते, आणि आता सगळा वॉर्ड लुकलुक म्हणायला लागलाय. याच निरोपाने थोपवणाऱ्या पेशी जगतात, वाढतात. आणि ऐक, धावून जाणाऱ्याही याच निरोपाने पेटतात. किल्ली एकच! फरक कुलपात. थोपवणाऱ्यांचं कुलूप इतकं हलकं की किल्ली नुसती टेकली तरी उघडतं. दुसऱ्यांचं जड. म्हणून द्यायचं ते अगदी थोडं, फक्त हलकं कुलूप उघडेल एवढंच. जास्त झालं की दोन्ही दारं उघडली आणि घात झाला.

बाबांची तेलाची कुपी आठवली मला. "एक थेंब. दुसऱ्या थेंबाला धूळ चिकटते." आणि तू नेहमी धार सोडायचास. कुलपं महिनाभराने परत यायची, चिकट होऊन. बरं झालं, डॉक्टर तू नाहीस.

ताई

२७ जून

चिमट्या,

गोळ्या निम्म्यावर आल्या. आकडे स्थिर आहेत. रक्त इतक्या वेळा काढतात की दंडावर नकाशा झालाय.

हाताचं अजून फार सांगण्यासारखं नाही. पण परवा पेला उचलला आणि पाणी काठावरून सांडलं नाही. आईने ते बघितलं. मी बघितलं की आईने बघितलं. दोघीही एकदम वेड्यासारख्या हसलो.

लहान डॉक्टरने काल आणखी एक गोष्ट सांगितली. मी विचारलं, "ही थोपवणारी माणसं देवाने कशासाठी ठेवली असतील? किडनी बदलायची युक्ती तर आत्ता निघाली." ती म्हणाली, "कामं पुष्कळ आहेत त्यांना. स्वतःचंच शरीर स्वतःवर उठू नये, हे पहिलं. आणि दुसरं, मूल. पोटातलं मूल अर्धं बापाचं असतं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकंच. तरी ते नऊ महिने आत वाढतं. तेव्हाही या पेशी कामाला लागतात."

आई शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "म्हणजे ही दोघं माझ्या पोटात पाहुणी होती?"

"अर्धी," डॉक्टर म्हणाली.

आईने थोडा विचार केला. "ही शांत होती. तो फार लाथा मारायचा. तरी राहू दिला म्हणा की."

मी हसले खरी, पण नंतर बसमध्ये तो विचार जाईना. खिडकीबाहेर माणसं चालली होती. पोस्टमन, भाजीची पिशवी घेतलेला कुणी म्हातारा, फोनवर भांडणारी मुलगी. यातल्या प्रत्येकाला कुणाच्या तरी शरीराने, कुणाला काही न विचारता, राहू दिलं होतं. असं एकही माणूस नाही की ज्याला राहू दिलेलं नाही. मला भर बसमध्ये रडू आलं. समोरच्या बाईने विचारलं, "काही वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही हो, चांगली आहे. जरा जुनी आहे, एवढंच."

तुला हे सगळं वाचायला वेळ असतो की नाही, माहीत नाही. आई म्हणते, "तो वाचतो. दोनदा वाचतो." म्हणत असेल.

ताई

४ सप्टेंबर

चिमट्या,

हे पत्र छोटं आहे.

आकडा चढलाय. क्रिएटिनिनचा, किडनीने काम टाकलं की चढतो तो. गोळी आणखी खाली आणली आणि पुढच्याच तपासणीत चढला. परत रक्त काढलं, तरी चढलेलाच. सोनोग्राफीतून काही कळलं नाही. उद्या बायोप्सी. सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून बघणार.

लहान डॉक्टर आज विनोद करत नव्हती. मी विचारलं, "उठलं का शरीर?" ती म्हणाली, "बघितल्याशिवाय सांगणार नाही." मी विचारलं, "उठलं असेल तर?" ती म्हणाली, "मोठ्या डोसने दाबू. बहुतेक वेळा दबतं." बहुतेक.

मला माझ्यासाठी भीती वाटत नाही, हे खोटं आहे, वाटते. मशीनची ती खोली, तो वास, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पुढच्या वेळी नसायचा. पण त्याहून एक वेगळीच लाज वाटते. तू पोटाला एवढा मोठा छेद घेऊन महिनाभर वाकून चालत होतास. ती वस्तू मी पेला नीट धरता यावा म्हणून पणाला लावली. तू "तुझी आहे" म्हणालास म्हणून ती माझी होते का रे?

आईला सांगितलंय, रविवारी तुला यातलं काही बोलू नकोस. म्हणून मीच लिहिते. पत्र पोचेपर्यंत निकाल लागलेला असेल.

पाणी पिते आहे.

ताई

११ सप्टेंबर

चिमट्या,

आहे. जागच्या जागी आहे. नीट बसून वाच, मी क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

आकडा का चढला, ते आधी सांगते म्हणजे तुला ओरडून मोकळं होता येईल. तपासणीच्या आदल्या दिवशी मी एका जुन्या कचेरीच्या तळघरात होते. लोखंडी दार, आत कागदपत्रं, किल्ली हरवलेली, दमट उकाडा. सकाळी बसले ती संध्याकाळी उठले. तिथे मोरी नव्हती, म्हणून पाणी घेतलं नाही. कुलूप हातात आलं की मला तहान लागत नाही, तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच, रक्त देऊन सरळ तळघरात. दार उघडलं नाही ते नाहीच, आणि किडनी कोरडी पडली. एवढंच होतं. सलाईन लावलं आणि दोन दिवसांत आकडा खाली. डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तर देताना मला तुझी ती खुणा मारलेली बाटली डोळ्यांपुढे दिसत होती. ओरड. या वेळी तुझा हक्क आहे.

पण बायोप्सी झाली होती, आणि तिच्यात काहीतरी दिसलं. लहान डॉक्टर धावत आली. म्हणाली, "ताई, चालवेल का? प्रयोगशाळेत या. हे तुम्ही बघायलाच हवं."

अंधारी खोली, दोन खुर्च्या, सूक्ष्मदर्शक आणि त्याला जोडलेला पडदा. पडद्यावर काळोखात निळे गोळे. हजारो. म्हणाली, "प्रत्येक गोळा एक पेशी. हा तुमच्या किडनीचा तुकडा. नेहमीच्या तपासात हे करत नाही, प्रयोगासाठी केलंय. भाऊ तुमचा, म्हणून हे बघता येतं. पुरुषाच्या पेशीत एक धागा असतो, तो बाईच्या पेशीत नसतो. त्या धाग्याला आम्ही लाल दिवा लावला आहे."

मग तिने काहीतरी फिरवलं, आणि निळ्या गोळ्यांत लाल ठिपके उजळले.

चिमट्या, तू दिसलास मला. कसं सांगू. नळ्यांच्या गोल गोल भिंती, आणि भिंतीतल्या गोळ्यागोळ्यात एक ठिपका, एक ठिपका, एक ठिपका. मी धरून चालले होते की इतक्या वर्षांत माझ्या रक्तावर राहून ती किडनी माझ्यासारखी झाली असेल. मुरली असेल. मी डॉक्टरला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "छे. ती अजून त्यांचीच आहे. जशी आली तशी." जुन्या पेशी मरतात, नव्या होतात, त्याही तुझ्याच होतात, ठिपक्यासकट.

मग तिने पडद्यावरचं चित्र सरकवलं. दोन नळ्यांच्या मध्ये बिनठिपक्याच्या पेशींचा घोळका. म्हणजे माझ्या. दाटीवाटीने बसलेल्या, तुझ्या पेशींना अगदी खेटून. मी म्हटलं, "या चाल करून आल्यात ना?" ती म्हणाली, "आम्हालाही पहिल्यांदा तेच वाटलं. रात्रभर झोप नाही आली मला. मग हे केलं." तिने दुसरी काच लावली. त्यात थोपवणाऱ्या पेशी तेवढ्या तपकिरी रंगतात. आणि तो घोळका तपकिरी झाला. सगळा नाही, पण बराचसा. मधोमध त्या, आणि त्यांच्या भोवती बाकीच्या, स्वस्थ. तुझ्या एकाही नळीची भिंत फुटलेली नव्हती.

"त्या करतायत काय तिथे?" मी विचारलं.

"बसल्या आहेत," ती म्हणाली. "आणि बसल्या बसल्या बाकीच्यांना निरोप देतायत, की राहू दे. हे आम्ही घातलेलं नाही, ताई. आम्ही थेंबभर मदत केली. अड्डा त्यांचा त्यांनी जमवलाय."

मी किती वेळ बघत होते, कोण जाणे. शेवटी तिने मला एक बारीकशी रक्तवाहिनी दाखवली. तिच्या भिंतीत एक ठिपकेवाली पेशी, तिच्या शेजारी बिनठिपक्याची, मग परत ठिपकेवाली. तुझी, माझी, तुझी. कुठेतरी जुनी भिंत झिजली असणार आणि माझ्यातली कुणीतरी जाऊन त्या जागी बसली असणार. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. त्यातून रक्त वाहत होतं, तुकडा काढला त्या क्षणापर्यंत. लहान डॉक्टरने हे कितीतरी वेळा पाहिलं असेल. तरी तिने चित्र पुढे सरकवलं नाही.

आपण दोघं एवढ्याशा दुकानात शेजारी शेजारी बसू शकलो नाही रे.

ताई

१४ मार्च

चिमट्या,

बरेच महिने लिहिलं नाही, कारण मला आधी खात्री हवी होती. शेवटची गोळी हिवाळ्यात सुटली. त्यानंतरच्या सगळ्या तपासण्या झाल्या, परवा शेवटची. शांत आहे. लुकलुकही बंद झालं. गोळी नाही, सुई नाही, आणि तुझी किडनी माझ्या पोटात काम करते आहे. डॉक्टर म्हणते, कायमचं वचन देता येत नाही, दर महिन्याला रक्त बघायचं. बघू की. आमच्या प्रयोगात काहींचं जमलं नाही, त्यांना परत गोळ्यांवर जावं लागलं. माझ्या शेजारच्या खाटेवरचा बसड्रायव्हर त्यातलाच. त्याने मला पेढा मागावा तसं हक्काने म्हटलं, "तुमचं जमलं ना, मग सांगा माझ्या शरीराला दोन शब्द समजुतीचे." का माझं जमलं आणि त्याचं नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही.

मागच्या मंगळवारी पियानोवाल्या बाई परत बाहेर अडकल्या. तेच दार, मी बसवलेलं नवं कुलूप. मला बघून ओशाळल्या, म्हणाल्या, "या वेळी दूध नाही ठेवलेलं." मी बसले. तार आत घातली. पहिली पीन, दुसरी. हात इतका स्थिर होता की माझा वाटेना. तिसरी जरा अडली, तिचा तो बारीकसा थरकाप बोटाला कळला. तिचा, माझा नव्हे. किती वर्षांनी! चौथी, पाचवी, आणि कुलूप फिरलं. बाईंना वाटलं मला चक्कर आली, कारण मी दाराला डोकं टेकून तशीच बसून राहिले.

आता तुझ्या कार्डाबद्दल. तू लिहिलंस, "आईकडून सांगितलास तो कमरेचा पट्टा घेतला. उतार आहे. विचारत असतेस म्हणून बरं वाटतं."

मी कुठलाही पट्टा सांगितलेला नाही. तुझी कंबर दुखते, हेच मला माहीत नव्हतं.

आईकडे गेले. ती मटार सोलत होती. कार्ड तिच्यापुढे धरलं. म्हटलं, "हे काय आहे? आणि मला दर रविवारी सांगतेस, ताई पाणी पिते का विचारत होता, ते?"

तिने शेंग सोलायची थांबवली नाही. "तो विचारणारच होता. जरा उशिरा. मी आधी सांगून टाकलं."

"इतकी वर्षं?"

"नाहीतर काय करू? एकाचं खरं दुसऱ्याला सांगत बसले असते तर एव्हाना दोघं एकमेकांच्या जिवावर उठला असतात." मग वर बघून म्हणाली, "फार नाही गं सांगितलं. रविवारी एकेकच."

मी तिच्यासमोर खाली बसले आणि मटार सोलायला लागले. दुसरं काय करणार.

तू खरंच कधी विचारलंस का, पाणी पिते का म्हणून? नको, सांगू नकोस. मला दोन्ही चालेल.

एक मात्र सांगायचं राहिलंय, आणि ते सांगण्यासाठीच हे पत्र. तू लिहिलंस, ती आता तुझी आहे. चूक. मी पाहिली आहे. ती तुझीच आहे, नखशिखांत, ठिपक्यासकट. माझ्या शरीरानेही ती आपली मानलेली नाही. तिचं परकेपण ते विसरलेलं नाही. लहान डॉक्टर म्हणते, ते तिला रोज ओळखतं. ओळखून, रोज नव्याने, राहू देतं. मला वाटायचं, जमवून घ्यायचं म्हणजे एकाने दुसऱ्यासारखं व्हायचं. तसं नाही रे. तू तुझ्यासारखाच असायचं आहेस. खारे दाणे हिसकाव. बाटलीवर खुणा मार. मी चिडेन. मी माफी मागणार नाही, आणि तूही मागू नकोस, तुला शोभत नाही.

आणि दुकानाचं कुलूप. वेळ होत नाही, असं मी लिहिलं होतं. दर वर्षी त्या तारखेला नवं कुलूप काढते, मापाला लावून बघते आणि परत खोक्यात ठेवते. कुलूपवाल्या बाईला कुलूप बदलायला किती वेळ लागतो, ते तुला सांगायला नको. तू गेलास तेव्हा तुझी किल्ली जुडग्यात तशीच गेली. ती अजून लागते.

सकाळी मी यायच्या आधी आलास तर उघडून बस. जरा अडेल, जुनं झालंय. तेल घातल्याशिवाय तू राहणार नाहीस. घाल. एकच थेंब.

ताई